नेरुळच्या घरातली फायबर लाईन: पॉवर, लॉस आणि स्पीडच्या नोंदी

२ जून २०२४

घरच्या ब्रॉडबँडची नीट मोजणी आजपासून सुरू करतेय. लाईन फायबरची, प्लॅन २०० एमबीपीएसचा, घर नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. तक्रारी दोन आहेत पण घरात आणि बिल्डिंगमध्ये सगळे एकच धरून बोलतात. एक म्हणजे स्पीड कधीच शंभरच्या वर जात नाही. दुसरी, मधेच नेट जातं, पाऊस आला की हमखास, ओएनयूवरचा, म्हणजे फायबर जिथे येऊन लागते त्या घरातल्या डब्यावरचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो, नवऱ्याची मीटिंग अडकते आणि थोड्या वेळाने आपोआप परत सुरू. फोन केला की पलीकडून "मॅडम तुमचं कनेक्शन ऑनलाइन दिसतंय, एकदा रीस्टार्ट करा", बस.

आज ओएनयूच्या पानावर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर जाऊन ऑप्टिकलच्या टॅबमध्ये बघितलं. आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या उजेडाची ताकद, मायनस २६.७ डीबीएम. लॅपटॉप वायरने राउटरला लावून स्पीड ९४. हे दोन आकडे, वेळ, आणि बाहेर पाऊस आहे की नाही, एवढं शीटमध्ये रोज टाकणार.

८ जून

आधी डीबीचा हिशोब इथे लिहून ठेवते, बिल्डिंगच्या ग्रुपवर हा मायनस आकडा म्हणजे काय असं सारखं विचारतात. दर ३ डीबी लॉसला उजेड अर्धा होतो, दर १० डीबीला दहावा हिस्सा उरतो. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलीवॉट. मायनस २० म्हणजे १० मायक्रोवॉट, मायनस २७ म्हणजे फक्त २ मायक्रोवॉट. आपल्याकडे घरोघरी फायबरचं जे जीपॉन तंत्र चालतं, म्हणजे एकच फायबर बऱ्याच घरांत वाटून द्यायचं, त्यातल्या नेहमीच्या बी प्लस क्लासमध्ये घरातल्या डब्याने मायनस २७ पर्यंत सिग्नल वाचलाच पाहिजे असं स्टँडर्ड सांगतं, त्याच्या खाली गेलं तर डबा चालेल किंवा नाही चालणार, भरवसा नाही. म्हणजे माझी लाईन बरोब्बर काठावर उभी आहे.

चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं मग स्पीड अर्धा मिळतोय तो त्यामुळेच की, सिग्नलच कमी येतोय." असं वाटणं अगदी साहजिक आहे कारण टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर तसंच व्हायचं आणि काकांनी तो जमाना बघितलाय. एडीएसएल टू प्लसमध्ये, म्हणजे त्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये, मोडेम २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ५१२ बारीक टोनमध्ये वाटून घ्यायचा, प्रत्येक टोनवर तारेतल्या नॉइजपेक्षा सिग्नल किती वर आहे ते बघून त्यावर किती बिट टाकायचे ते ठरवायचा, जास्तीत जास्त १५. तार लांबली की वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात, ते टोन रिकामे राहतात आणि स्पीड हळूहळू उतरत जातो. कागदावर २४ एमबीपीएस, पण एक्स्चेंज तीन-चार किलोमीटरवर असेल तर एक आकडी स्पीड, आणि पावसात जॉइंटमध्ये पाणी गेलं की त्याहून कमी. तिथे लॉस आणि स्पीड एकाच दोरीला बांधलेले.

जीपॉनमध्ये तसं नाही. वरून येणारा प्रवाह ठरलेल्या २.४८८ जीबीपीएसनेच येतो, पॉवर मायनस १५ असो की मायनस २५. डब्याला बिट वाचता येतात तोवर स्पीडला काही होत नाही, वाचता येईनासे झाले की आधी थोडे एरर, मग पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळायला लागतात, मग लाल दिवा. सगळा खेळ शेवटच्या एक-दोन डीबीत. त्यामुळे माझ्या ९४ चं उत्तर या मायनस २६.७ मध्ये नाही असं मला आत्ताच वाटतंय, लाल दिव्याचं मात्र तिथेच आहे.

१५ जून

कागदावर बजेट मांडलं. लाईनमन दादांना फोनवर विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं की प्रोव्हायडरचं मशीन जुईनगरला आहे, तिथून प्लस ४ ने निघतं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टू फोर आणि बिल्डिंगच्या डक्टमध्ये एक टू एट स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा उजेड चार किंवा आठ वाटांत वाटणारे. टू फोरला साधारण ७ डीबी जातात, टू एटला साडेदहा. काचेचा स्वतःचा लॉस, घराकडे येणाऱ्या उजेडाच्या १४९० नॅनोमीटर वेव्हलेंथला, किलोमीटरमागे पाव डीबीच्या आसपास, तीन किलोमीटर धरले तर पाऊण डीबी. कनेक्टर प्रत्येकी ०.३ धरून सगळे मिळून दोनच्या आत, स्प्लाइस, म्हणजे फायबरला फायबर जोडलेले सांधे, अर्धा. बेरीज २१ च्या आत. म्हणजे घरात मायनस १७ च्या आसपास यायला पाहिजे.

येतंय मायनस २६.७. जवळजवळ १० डीबी कुठेतरी सांडतायत, म्हणजे माझ्या वाट्याच्या उजेडाचा फक्त दहावा हिस्सा घरात पोचतोय. हा आकडा बघून खरंच वाईट वाटलं. जुईनगर ते नेरुळ आख्खा रस्ता पाऊण डीबीत पार होतो आणि हे १० डीबी बहुतेक शेवटच्या तीस मीटरमध्ये जातायत.

एक गोष्ट शीटमधून दिसायला लागलीय. पाऊस पडत असताना रीडिंग मायनस २८.५ ते २९ आणि लाल दिवा, पाऊस थांबला की मायनस २६.७. पण काचेला पावसाने काही होत नाही. पाणी कुठल्यातरी जॉइंट बॉक्समध्ये शिरत असेल तर ते पाऊस थांबल्या थांबल्या मिनिटभरात सुकत नाही, रीडिंग तासन् तास खराब राहिलं पाहिजे, आणि इथे तर लगेच सुधारतं. म्हणजे पाण्याशी संबंध नाही, पाऊस आला की होणाऱ्या दुसऱ्या कशाशीतरी आहे.

२२ जून

दादा आले, पॉवर मीटर घेऊन. मी आधीच सांगून ठेवलं होतं की आज नुसतं रीस्टार्ट नाही करायचं, डक्टपासून घरापर्यंत टप्प्याटप्प्याने मोजायचंय. त्यांचं पहिलं वाक्य, "ताई, पॉवर येतीय ना, मग झालं." मी शीट दाखवली. पाऊस लिहिलेल्या ओळी बघितल्यावर मात्र ते स्वतःच गप्प बसून वाचायला लागले, आणि पुढचं सगळं काम त्यांनी मन लावून केलं, हे आवर्जून लिहितेय.

मीटर १४९० वर लावला. डक्टमधल्या बॉक्समध्ये मायनस १८.९. हिशोबापेक्षा दोनेक डीबी खाली, पण चालेल, जुने जॉइंट आहेत. मग घरात ओएनयूमधून वायर काढून तिचं टोक मीटरला लावलं, मायनस २२.४. म्हणजे डक्ट ते हॉल एवढ्यात साडेतीन डीबी गेले, आणि उरलेले चारएक डीबी वायरचं टोक आणि ओएनयू यांच्यामध्येच गायब. ओएनयू स्वतः जो आकडा दाखवतो तो दोन-तीन डीबी इकडे-तिकडे असू शकतो म्हणून त्यावर लगेच विश्वास नाही ठेवला, पण दादांनी टोक हातात घेतलं आणि लगेच बोलले, "हे हिरवं आहे आणि डब्याचं तोंड निळं."

हिरवं म्हणजे एपीसी, त्याचं काचेचं तोंड ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळं म्हणजे यूपीसी, त्याचं तोंड सरळ. बाहेरचा प्लास्टिकचा आकार सारखाच असल्यामुळे एकात दुसरं आरामात बसतं, क्लिक आवाजसुद्धा येतो, पण आत दोन काचांमध्ये फट राहते आणि काही डीबी तिथेच जातात. कनेक्शन दिलं त्या दिवसापासून ते तसंच होतं.

आता खिडकी. वायर हॉलच्या स्लायडिंग खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चॅनलमधून आत घेतलेली, बाकी बऱ्याच घरांत आहे तशीच. दादा मीटर धरून जमिनीवर बसले आणि मी खिडकी सरकवत गेले. खिडकी उघडी, मायनस २२.४. अर्धी लावली, २२.४ च. अगदी शेवटची दोन बोटं राहिली तेव्हा २२.९, मग २३.६, आणि खटका लावला तेव्हा २४.५. परत खटका काढला, २२.४. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. पाऊस आला की सगळे काय करतात तर खिडकी लावतात, खिडकीची चौकट वायर चॅनलच्या कडेवर दाबते, आधीच काटकोनात मुडपलेली वायर अजून चेपते आणि ओएनयूवर मायनस २८.८. पाऊस थांबला की खिडकी उघडतो, नेट परत येतं. इतके पावसाळे आम्ही आभाळाला बोल लावत होतो.

बेंडबद्दल अजून एक. साध्या जी ६५२ फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवायचं नसतं, घरात वापरायच्या जी ६५७ ए टू ला साडेसात मिलिमीटर चालतं, पण खिडकीच्या कडेवर त्रिज्या अशी राहतच नाही, सरळ मोडच पडते. आणि बेंडमध्ये लांब वेव्हलेंथचा उजेड जास्त गळतो. खाली येणारा सिग्नल १४९० चा, वर जाणारा १३१० चा, म्हणजे अशा मोडीचा मार आपल्याकडे येणाऱ्या सिग्नलला जास्त बसतो आणि तिकडे मशीनवर आपली लाईन बऱ्यापैकी दिसू शकते. "ऑनलाइन दिसतंय" हे फोनवरचं उत्तर त्यांच्या बाजूने खरं असणार.

दादांनी चौकटीच्या वर भिंतीत ड्रिलने वेगळं भोक पाडून वायर घेतली, मोडलेला तुकडा कापून टाकला, हाताच्या पंजापेक्षा मोठी गोल लूप सोडून क्लिप मारल्या आणि टोकाला निळा फास्ट कनेक्टर बसवला. सोलणं, आयसोप्रोपिलने पुसणं, क्लीव्हरने कापणं, सरकवून लॉक. पहिल्या वेळी मीटरवर मायनस २०.८ आलं, त्यांना स्वतःलाच पटलं नाही, परत कापून परत बसवला. मायनस १९.२. ओएनयूवर मायनस १९.४. खिडकी लावून, मायनस १९.४.

जाताना म्हणाले, "ताई, वायरच्या तोंडात कधी डोळा घालून बघू नका." हे खरंच सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं, १४९० चा उजेड डोळ्याला दिसत नाही, अंधार दिसतो म्हणून बंद आहे असं नसतं.

२३ जून

सकाळी वायरवर स्पीड ९४.

काल ७ डीबी परत मिळाले, उजेड पाचपट झाला, आणि स्पीड जिथे होता तिथेच. मला याचा आनंदच झाला, आठ तारखेला जे लिहिलं होतं ते शीटमध्ये समोर आलं. कालपासून पॅकेट लॉस मात्र शून्य, आधी खिडकी लावल्यावर एक-दोन टक्के दिसायचा. एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण वेबसाइट, डाउनलोड यांचा डेटा ज्या टीसीपीने येतो-जातो, त्यातल्या लॉस दिसला की मागे सरणाऱ्या जुन्या पद्धतीचं गणित असं आहे की एका कनेक्शनचा स्पीड पॅकेटच्या साइझला जाण्यायेण्याच्या वेळेने भागून, परत लॉसच्या वर्गमुळाने भागून, त्याच्या साधारण सव्वापट येतो. सिंगापूरच्या सर्व्हरला माझ्या घरून ६० मिलिसेकंद लागतात, १ टक्का लॉस धरला तर एका कनेक्शनला अडीच एमबीपीएसही नाही मिळत. त्याच लॉसवर ४ मिलिसेकंदावरचा नवी मुंबईतला सर्व्हर ३५ देतो, आणि स्पीड टेस्ट तर एकदम बरीच कनेक्शनं उघडून जवळच्याच सर्व्हरला मोजते. म्हणून टेस्ट हिरवीगार आणि मीटिंग अडकलेली, असं होतं. मीटिंगचा आवाज आणि व्हिडिओ बहुतेक टीसीपीवर नसतो, तिथे गळलेलं पॅकेट म्हणजे सरळ तुटलेला शब्द.

आता ९४ कडे. हा आकडाच बोलका आहे. शंभरच्या इथरनेट पोर्टवर प्रत्येक १५३८ बाइटमागे कामाचे १४६० उरतात, म्हणजे ९४.९, थोडं इकडे-तिकडे जाऊन ९४. दिवसभर ९४, रात्री ९४, कधी ९५ नाही, असं दिसलं की लाईनकडे बघायचंच नाही, कुठलातरी पोर्ट शंभरवर अडकलाय. ओएनयू गिगाबिट, राउटर गिगाबिट. मधली केबल जुनी, कॅट फाइव्ह ई, हॉलपासून पॅसेजपर्यंत पट्टीतून गेलेली. प्लग काढून उजेडात धरला तर आत चारच तारा, १, २, ३ आणि ६. निळी आणि तपकिरी जोडी मागे कापून टेप लावलेली, त्यातली निळी पूर्वी लँडलाइनच्या फोनसाठी वापरली होती असं सासूबाईंनी सांगितलं. शंभरला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दोन्ही टोकं कापून आठ तारांनी क्रिंप केली.

स्पीड १९४.

२९ जून

टी ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, भारत आणि दक्षिण आफ्रिका, आपल्याकडे रात्री ८ ला सुरू. याच्यापेक्षा चांगली चाचणी मिळणार नाही म्हणून छोट्या कॉम्प्युटरवर दर पाच मिनिटांनी रीडिंग घ्यायची स्क्रिप्ट लावून ठेवली आणि मॅच बघायला बसले.

दुपारी ४ ला १९५. रात्री साडेनऊला ८८. शेवटच्या ओव्हर चालू असताना ६१. खालच्या मजल्यावर डिश आहे, तिथून ओरडा आधी यायचा आणि आमच्या स्क्रीनवर बॉल अजून पडलेलासुद्धा नसायचा. जिंकलो ते सगळ्या बिल्डिंगला वेगवेगळ्या वेळी कळलं आणि फटाके त्याच्याही आधी.

रीडिंग सकाळी बघणार होते, राहवलं नाही, रात्रीच बघितली. आरएक्स पॉवर पूर्ण वेळ मायनस १९.४. पहिल्या हॉपला (हॉप म्हणजे डेटाच्या वाटेतला एकेक टप्पा), म्हणजे प्रोव्हायडरच्या जुईनगरच्या मशीनपर्यंत पिंग, म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ, २ ते ३ मिलिसेकंद, लॉस नाही. दुसऱ्या हॉपच्या पुढे पिंग ४५ वर आणि दीड टक्का लॉस. म्हणजे माझं फायबर ठीक, स्प्लिटरवरच्या शेजाऱ्यांमध्ये वाटणी होतेय तीही ठीक. तो हिशोब पण करून बघितला, ३२ घरं एकदम मॅच बघतायत, प्रत्येकी ८ एमबीपीएस, तरी २५६ होतात, जीपॉनच्या २.४८८ जीबीपीएसचा जेमतेम दहावा हिस्सा. गर्दी त्याच्या पुढे आहे, प्रोव्हायडर वरून जी बँडविड्थ विकत घेतो तिथे.

६ जुलै

वायफाय. थोडक्यात, कारण इथे नवीन काही नाही. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झवर सिग्नल मायनस ४८ डीबीएम, स्पीड १९० च्या पुढे. आतल्या खोलीत दोन भिंती पार करून मायनस ७४, स्पीड ४० ते ६०. २.४ वर आजूबाजूची इतकी नेटवर्क दिसतात की २० मेगाहर्ट्झच्या वर जायचं नाही आणि १, ६, ११ यातलाच कमी गर्दीचा चॅनल धरायचा. राउटर पॅसेजमधल्या कपाटावरून काढून भिंतीवर उघड्यावर लावला, आतल्या खोलीत मायनस ६६ झालं आणि स्पीड दुपटीच्या वर.

ग्रुपवर एका काकूंनी विचारलं की वायफायला मायनस ५० चांगलं आणि फायबरला मायनस २७ सुद्धा वाईट, हे कसं. एकक तेच आहे, डीबीएम, फक्त ऐकणारा वेगळा. वायफायचा रिसीव्हर मायनस ५० डीबीएमला, म्हणजे १० नॅनोवॉटला, आरामात वाचतो, फायबरच्या डब्यातल्या फोटोडायोडला तेवढा उजेड म्हणजे अंधार. म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायचीच नाही.

८ जुलै

रात्रभर धो धो पाऊस, सकाळी मुंबईत लोकलचे हाल. सगळ्या खिडक्या खटका लावून बंद. मायनस १९.४, एकदा मायनस १९.५. एकही ड्रॉप नाही, नवऱ्याची सगळी मीटिंग घरून झाली. मला या ओळीचा फार आनंद आहे.

१४ जुलै

प्रोव्हायडरच्या ऑफिसला शीट घेऊन गेले. भांडायला नाही, मदत करायला, आणि तसंच आधी सांगितलं. वरच्या बाजूचा ग्राफ दाखवला, २९ जूनचा आणि त्यानंतरच्या रोजच्या रात्री ९ ते ११ चा. ट्राय या टेलिकॉम नियामकाच्या २००६ च्या, तेव्हा लागू असलेल्या, ब्रॉडबँड क्वालिटीच्या नियमात पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत, गर्दीच्या वेळी लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत, आणि प्रोव्हायडरच्या नोडपासून ग्राहकापर्यंत घेतलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळालं पाहिजे असं होतं, ते पण प्रिंट काढून नेलं. यातलं शेवटचं ते पाळतायत हे मीच त्यांना सांगितलं, कारण नोडपर्यंत मला १९० च्या वर मिळतात. अडचण लिंकच्या वापराची आहे. ऑफिसमधल्या मुलाने त्यांच्या स्क्रीनवर ग्राफ उघडला, रात्री ९ नंतर वरची रेघ सपाट होऊन छताला चिकटलेली. तो म्हणाला, "मॅडम, कंप्लेंट सगळे करतात पण कुठल्या हॉपला अडतंय ते कुणी आणून देत नाही." वर कळवतो म्हणाला.

२७ जुलै

रात्री १० ला १७१. काल १६८. दुसऱ्या हॉपच्या पुढे पिंग ९, लॉस नाही. लिंक वाढवलीय असा त्या मुलाचा मेसेज आला होता, आकड्यांतही तेच दिसतंय.

आज दादांबरोबर आमच्या विंगमधल्या बाकीच्या घरांची रीडिंग घेतली, लोकांनी स्वतःहून बोलावलं. बहुतेकांची मायनस १९ ते २२, ठीक. दुसऱ्या मजल्यावर एका घरी मायनस २५.१, तिथेही हिरवं टोक निळ्या तोंडात. चौथ्या मजल्यावर काकांकडे खिडकी उघडी असताना मायनस २४.९, लावल्यावर २७.३, आणि काकांनी स्वतः खिडकी सरकवून दोनदा बघितलं. ज्यांची घेतली त्या प्रत्येक ओएनयूवर पांढरी पट्टी चिकटवून पेनने तारीख आणि डीबीएम लिहिलं, म्हणजे पुढच्या वेळी लाल दिवा लागला की आधीचा आकडा समोर असेल. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचं काम गुरुवारी, दादा निळे फास्ट कनेक्टर आणि मोठं ड्रिल बिट घेऊन येणार आहेत, काकांच्या चौकटीवर बीम आहे त्यामुळे भोक बाजूला घ्यावं लागेल.